उलट्या दिशेनं चालणाऱ्याची विचारपूस: ज्यू मंडळी अडचणीत एकमेकांना कसं सांभाळतात

जेरुसलेमच्या टेकडीवर ज्यूंचं मंदिर उभं होतं, त्या काळी तिथं ये-जा करण्याची एक शिस्त होती. उजवीकडून आत शिरायचं, फेरा घालायचा आणि डावीकडून बाहेर पडायचं. सगळ्यांची दिशा एकच. ज्याच्यावर काही ओढवलं असेल तो मात्र उलटा फिरायचा. कितीही गर्दी असली तरी तो तिच्यात हरवायचा नाही, कारण येणारा प्रत्येक जण त्याच्या समोरून यायचा. समोरचा थांबून विचारायचा, "काय झालं, डावीकडून का चाललास?" तो सांगायचा, "मी शोकात आहे." मग विचारणारा म्हणायचा, "या घरात जो राहतो, तो तुला धीर देवो."

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्यानं ते मंदिर पाडलं. हा तपशील उरला तो 'मिश्ना'मुळे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या या ग्रंथात मंदिराची मापं, दरवाजे, अंगणं यांचं वर्णन चालू असताना मध्येच ही उलटी फेरी येते. मला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. दुःखात असलेल्या माणसाला कुणाच्या दारी जावं लागत नाही, हात पसरावा लागत नाही, आपली कहाणी कुठून सुरू करावी याची जुळवाजुळव करावी लागत नाही. त्यानं फक्त चालायचं. विचारण्याची जबाबदारी समोरच्याची.

सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. आज जगभरातल्या सिनेगॉगांमध्ये ही जबाबदारी उचलणारी स्वयंसेवकांची फळी असते. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी मृत्यू झाला, बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, म्हातारे आईवडील अंथरुणाला खिळले, की ही माणसं कामाला लागतात. यात पगारी कुणी नसतं. शिक्षिका, हिशेबनीस, निवृत्त इंजिनिअर, शाळकरी मुलांच्या आया, अशी तुमच्याआमच्यासारखीच माणसं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती चांगुलपणा! चांगुलपणा आहेच. पण त्याच्या मागे जवळजवळ दोन हजार वर्षं घासूनपुसून तयार केलेली एक पद्धत आहे, आणि या लेखात मला ती पद्धत उलगडून दाखवायची आहे.

तिच्याकडे मी का वळले तेही सांगते. माझे वडील गेले तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. सगळे मायेनं आले होते, त्यात शंका नाही. पण आईला दिवसातून पंधरा वेळा शेवटच्या रात्रीची हकीकत सांगावी लागली. 'आधीच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं' हे तिनं किती जणांकडून ऐकलं, याची मोजदाद नाही. आणि तीन आठवड्यांनी, बँकेचे कागद समोर घेऊन ती एकटी बसली होती, तेव्हा बेल वाजवणारं कुणी नव्हतं. माया कमी पडली नव्हती. कधी यायचं, किती बसायचं, काय बोलायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

ज्यू परंपरेत हे शिकवलं जातं. तिथं दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत. एक 'त्सदाका', म्हणजे गरजूला दिलेलं दान. या शब्दाचं मूळ न्यायाच्या शब्दात आहे, त्यामुळे दान ही दात्याची मेहेरबानी न राहता त्याच्यावरचं देणं ठरतं. दुसरा शब्द 'गमिलुत हसादिम'. 'हेसेद' म्हणजे प्रेमानं केलेलं, हिशेब न ठेवता केलेलं. तालमूद या विशाल धर्मचर्चाग्रंथात म्हटलंय की हेसेद दानाहून तीन बाबतींत मोठं. दान पैशानं होतं, हेसेद पैशानंही होतं आणि अंगमेहनतीनंही. दान गरिबाला देतात, हेसेद गरीब-श्रीमंत दोघांनाही लागतं. दान जिवंत माणसाला देता येतं, हेसेद मेलेल्यालाही.

मधलं वाक्य मला सगळ्यात शहाणं वाटतं. कर्करोगाचं निदान झालेल्या धनवान बाईलाही कुणीतरी हवं असतं. तिच्याकडे पैसा आहे म्हणून तिला वगळायचं नाही.

आता आजारपणाकडे येऊ. आजाऱ्याची भेट घेणं याला 'बिकुर होलीम' म्हणतात. तालमुदात एक गोष्ट आहे. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अकिवा यांचा एक शिष्य आजारी पडला. एकही विद्वान त्याला भेटायला गेला नाही. अकिवा स्वतः गेले. त्यांच्यामुळे त्याच्या खोलीतली जमीन झाडली गेली, तिच्यावर पाणी शिंपडलं गेलं. शिष्य बरा झाला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मला जगवलंत." अकिवा बाहेर आले आणि त्यांनी शिकवण दिली की जो आजाऱ्याला भेटायला जात नाही, त्यानं जणू रक्त सांडलं. शब्द कठोर आहेत. पण गोष्टीत औषध नाही, चमत्कार नाही, मोठं प्रवचनही नाही. झाडू आणि पाणी आहे.

त्याच चर्चेत म्हटलंय की भेटायला येणारा माणूस आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो. लगेच कुणीतरी शंका काढतं (तालमुदात शंका काढल्याशिवाय पान उलटत नाही): मग साठ जण एकदम पाठवा की, रोगी उठून बसेल! उत्तर मिळतं: तसं नाही. प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो. हिशेब करून पाहिला तर साठ माणसं येऊन गेल्यावरही आजार एक तृतीयांशाहून थोडा जास्तच उरतो, सुमारे ३६ टक्के. भेटीनं दुखणं हलकं होतं, नाहीसं होत नाही. जाणाऱ्यानं हे मनात धरून जायचं, म्हणजे खोटी आश्वासनं तोंडातून निघत नाहीत.

सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या साफेद गावी राहणाऱ्या योसेफ कारो यांनी ज्यू धर्मनियमांचं एक संकलन केलं, 'शुल्हान आरूख', म्हणजे मांडून ठेवलेलं मेज. ते १५६५ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. त्यात या भेटीचे बारीक नियम आहेत. जवळच्या नातलगांनी लगेच जावं, बाकीच्यांनी तीन दिवसांनी. रोगी जमिनीवर झोपलेला असेल तर आपण त्याच्याहून उंच आसनावर बसू नये. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत जाऊ नये, कारण सकाळी रोग्याला जरा बरं वाटत असतं. 'ठीक तर आहे' असं वाटून पाहुणा प्रार्थनाच करणार नाही. शेवटच्या तीन तासांतही जाऊ नये, कारण तेव्हा दुखणं बळावतं आणि पाहुण्याची आशा सुटते. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याकडे जाऊ नये, त्याला वाटेल हा माझी दशा पाहून सुखावतोय.

आणि मला ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं तो नियम असा. ज्याला पोटाचा विकार आहे, ज्याचे डोळे किंवा डोकं दुखतंय, ज्याला बोलणं जड जातंय, त्याच्या खोलीत जाऊच नये. बाहेरच्या खोलीत थांबावं. काही झाडायचं, शिंपडायचं आहे का, ते विचारावं. त्याचं दुखणं ऐकून घ्यावं, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. जुलाबानं हैराण झालेल्या माणसाला आपण कुणाच्या नजरेस पडू नये असंच वाटत असतं. त्याची ती लाज नियमात जपलेली आहे. पाहुण्याचं कर्तव्य पूर्ण झालं की नाही यापेक्षा रोग्याला काय सोसेल, याला मान आहे.

आजच्या अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या सिनेगॉगमध्ये हे काम कसं चालतं? बहुतेक ठिकाणी एक छोटी समिती असते. कुठे तिला हेसेद समिती म्हणतात, कुठे बिकुर होलीम. तिच्यात एक जण सगळ्याची सूत्रं सांभाळतो. रुग्णालयं रुग्णाची माहिती गुप्त ठेवतात, त्यामुळे कुणी दाखल झालंय हे सिनेगॉगला घरच्यांनीच कळवावं लागतं. कळवलं की सूत्रधार आधी एकच फोन करतो: नेमकं काय हवंय, आणि ही गोष्ट किती जणांना कळलेली चालेल? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. गर्भपात, मानसिक आजार, व्यसन, घटस्फोट अशा प्रसंगी माणसाला जेवणाच्या डब्यापेक्षा गुप्ततेची भूक असते. डबा घेऊन येणाऱ्या बाईला फक्त पत्ता आणि वेळ माहीत असते, कारण माहीत नसतं.

मग वाटणी होते. रविवार-मंगळवार-गुरुवारचं जेवण कोण देणार, केमोथेरपीला गाडीनं कोण नेणार, दुपारी मुलांना शाळेतून कोण आणणार, म्हाताऱ्या आजोबांपाशी दोन तास कोण बसणार. अनुभवी स्वयंसेवक नव्यांना एक गोष्ट हमखास शिकवतात: 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य बोलू नका. ते ऐकून माणूस 'हो' म्हणतो आणि कधीच सांगत नाही, कारण मागण्याचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर येतं. त्याऐवजी म्हणा, 'मंगळवारी सहाला डबा ठेवून जाते, चालेल ना?' मंदिरातली उलटी फेरी ती हीच.

डब्याची बाब वरवर सोपी दिसते. पण ज्यू आहारनियमांत, म्हणजे 'कोशेर' पाळणाऱ्या घरात, मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र येत नाहीत, त्यांची भांडीसुद्धा वेगळी असतात. त्यामुळे कुणाच्या स्वयंपाकघरातून काय आलं, कोणत्या भांड्यातून आलं, हे नीट पाहावं लागतं. म्हणूनच अनेक जण एकदाच वापरायच्या डब्यांतून जेवण देतात. भांडी परत करायची काळजीही त्यामुळे मिटते. न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग भागातल्या हसिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या बायका, ज्यांचं जीवन बाहेरून फार बंदिस्त दिसतं, शहरातल्या रुग्णालयांमध्ये कित्येक दशकं ज्यू रुग्णांना कोशेर जेवण पोचवत आल्या आहेत. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, कर्मठ ज्यू गाडी चालवत नाहीत. म्हणून काही रुग्णालयांत स्वयंसेवकांनी चालवलेली एक खोली असते, खाणं भरून ठेवलेली, रुग्णाच्या नातलगांसाठी.

इस्रायलमधल्या 'याद सारा' या संस्थेची सुरुवात तर एका वाफेच्या यंत्रापासून झाली. जेरुसलेममधले एक शिक्षक उरी लुपोलियान्स्की यांनी मुलाच्या आजारपणात शेजाऱ्याकडून ते यंत्र मागून आणलं. मग त्यांच्या लक्षात आलं, अशी यंत्रं घरोघरी विकत घ्यायची गरज नाही, फिरवता येतील. १९७६ मध्ये संस्था उभी राहिली. व्हीलचेअर, कुबड्या, प्राणवायूची उपकरणं गरजेपुरती वापरायला द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, हा तिचा शिरस्ता. लुपोलियान्स्की पुढे जेरुसलेमचे महापौर झाले.

पैशाच्या अडचणीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिथं स्वाभिमान सगळ्यात लवकर दुखावतो. जुन्या ज्यू वस्त्यांमध्ये एक सार्वजनिक निधी असे. तो दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी मिळून वाटायचा असा नियम. कुणाला किती द्यायचं हा एक प्रकारे निवाडाच, म्हणून न्यायाधीशांसारखे तिघे. बिनव्याजी कर्ज देणं हेही हेसेदच. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली स्थलांतरितांसाठी सुरू झालेली हिब्रू फ्री लोन सोसायटी आजही अशी कर्जं देते. बाराव्या शतकातले तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सगळ्यात वरची पायरी अशी: भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला असं उभं करायचं की त्याला पुन्हा मागावं लागणार नाही.

गुप्तपणे देण्याबद्दल तालमुदात मार उक्बा यांची कथा आहे. ते शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या खोबणीत रोज चार नाणी ठेवून जात. एके दिवशी त्या गरिबाला वाटलं, पाहू तरी कोण देतंय. त्या दिवशी मार उक्बांबरोबर त्यांची बायको होती. दार हललेलं पाहताच दोघं पळाले आणि एका भट्टीत जाऊन लपले. आतली आग नुकतीच काढून टाकलेली होती. मार उक्बांचे पाय भाजायला लागले. बायको म्हणाली, "तुझे पाय माझ्या पायांवर ठेव." तिचे पाय भाजत नव्हते. ते खट्टू झाले, तेव्हा तिनं सांगितलं: मी घरी असते, दारात आलेल्याच्या हाती मी तयार अन्न देते, माझं देणं तिथल्या तिथं उपयोगी पडतं. घेणाऱ्याला शरमिंदं करण्यापेक्षा भट्टीत शिरणं परवडलं, हा या कथेचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ. मला मात्र तिच्यात ती बाई दिसते. पैसे देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, शिजवणाऱ्या हातांची लागत नाही. इथं ग्रंथानंच त्या हातांना वरचं स्थान दिलंय.

आता मृत्यू. हे काम सगळ्यात कठीण. ते करणाऱ्या मंडळाला 'हेव्रा कदीशा' म्हणतात, म्हणजे पवित्र मंडळी. प्रागमध्ये १५६४ साली स्थापन झालेली हेव्रा कदीशा फार प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात तिनं आपल्या कामाची चित्रं काढून घेतली, ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. आजाऱ्याच्या खाटेपाशी प्रार्थना, मृतदेहाला स्नान, कफन शिवणाऱ्या बायका, कबर खोदणारे, तिरडी नेणारे, आणि शेवटी मंडळाचं वार्षिक जेवण. न्यूयॉर्कच्या सर्वात जुन्या ज्यू मंडळीची, शिअरिथ इस्रायलची, अंत्यविधीची संस्था १८०२ पासून चालू आहे.

स्नानाला 'ताहारा' म्हणतात. पुरुषाला पुरुष, बाईला बायका न्हाऊ घालतात. खोलीत गप्पा नाहीत. सुरुवातीला मृताचं नाव घेऊन त्याची क्षमा मागतात: आमच्या हातून तुझा काही अनादर झाला तर माफ कर. देह पूर्णवेळ झाकलेला असतो, जो भाग धुवायचा तेवढाच उघडतात. डोक्यापासून सुरुवात, उजवी बाजू आधी. देहाच्या वरून एकमेकांच्या हातात वस्तू द्यायची नाही, वळसा घालून जायचं. मग धार न तुटू देता पाणी ओततात, एक बादली संपण्याआधी दुसरी सुरू होते, आणि म्हणतात, 'ती शुद्ध आहे, ती शुद्ध आहे.' त्यानंतर पांढरं कफन. त्याला खिसे नसतात. शेवटी पुन्हा क्षमा.

कफन साधंच का? तालमूद सांगतं, एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की मृत्यूपेक्षा खर्चाचं दुःख मोठं होई आणि नातलग देह टाकून पळून जात. मग रब्बान गमलिएल या मोठ्या पुढाऱ्यानं आपला देह साध्या लिननच्या कपड्यात न्यावा असं सांगितलं, आणि सगळ्यांनी तो प्रघात उचलला. सुधारणा वरून सुरू झाली, हे महत्त्वाचं. गरिबाला 'तू साधेपणानं कर' असं सांगणं सोपं असतं. इथं श्रीमंतानं आपला थाट आधी सोडला.

या कामाला 'हेसेद शेल एमेत' म्हणतात, म्हणजे खरं हेसेद. कारण ज्याच्यासाठी केलं तो परतफेड करणार नाही, साधे आभारही मानणार नाही. अनेक गावांत ताहारा कुणी केली हे घरच्यांना कळूच देत नाहीत. भाजीच्या दुकानात समोरासमोर आलो तर त्यांना आपल्याकडे पाहून तो प्रसंग आठवू नये, एवढाच हेतू.

दफनानंतर आलेले लोक दोन रांगा करतात आणि घरची माणसं त्यांच्यामधून चालत जातात. तिथून 'शिवा' सुरू होते. हिब्रूत 'शिवा' म्हणजे सात. आपल्या शंकराशी या शब्दाचं नातं नाही. सात दिवस घरचे घरातच, बुटक्या आसनांवर बसतात. आरसे झाकतात. आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात. तसंच शिवाचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनीच आणायचं असतं, स्वतःच्या घरचं खायचंच नाही. त्यात उकडलेली अंडी आणि मसूर असतात. मसूर का, तर तालमूद म्हणतं, इतर कडधान्यांना असतं तसं मसुराला तोंड नसतं, शोकात असलेल्यालाही तोंड नसतं.

या जेवणाबद्दलचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. पूर्वी श्रीमंत लोक शोकाच्या घरी सोन्याचांदीच्या टोपल्यांतून अन्न आणत आणि गरीब सोललेल्या काटक्यांच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटे. तेव्हा ठरलं की सगळ्यांनीच काटक्यांच्या टोपलीतून आणायचं. पेल्यांबद्दलही तसंच: श्रीमंतांची शुभ्र काच, गरिबांची रंगीत काच, म्हणून सगळ्यांना रंगीत. दुःखाच्या घरात मदत करायला आलेल्यांमध्येही कुणी खाली मान घालू नये, इतक्या लांबवर कुणीतरी विचार केला होता.

शिवाच्या घरात शिरताना बेल वाजवत नाहीत. पुष्कळ घरांचं दार लोटलेलंच असतं. घरच्यांनी उठून स्वागत करायचं नसतं, चहा विचारायचा नसतो. ते यजमान नाहीत. आणि मुख्य म्हणजे, शोकात असलेला माणूस बोलेपर्यंत पाहुण्यानं बोलायचं नाही. हा नियम ईयोबच्या मित्रांवरून आलाय. बायबलमधला ईयोब सर्वस्व गमावून राखेत बसला तेव्हा मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं, हेही त्याच पुस्तकात आहे. माझ्या आईच्या खोलीत त्या दिवसांत असा एक नियम असता तर!

शिवात रोज प्रार्थना होते आणि मृताचे जवळचे नातलग 'कद्दीश' म्हणतात. ही आरमाईक भाषेतली प्रार्थना आहे. तिच्यात मृत्यूचं नावसुद्धा नाही, देवाची स्तुती आहे. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. त्याला दहा जणांचा 'मिन्यान' लागतो. पारंपरिक मंडळ्यांत दहा पुरुष, उदारमतवाद्यांत बायकाही मोजतात. ही अट ऐकायला जाचक वाटते. तिचा परिणाम पाहा: ज्याला दार लावून आत बसावंसं वाटतंय, त्याच्या घरी दहा माणसांना यावंच लागतं. आईवडिलांसाठी कद्दीश अकरा महिने म्हणतात, म्हणजे शिवा संपल्यावरही तो माणूस सिनेगॉगच्या नजरेआड होत नाही. समितीतली मंडळी दहाचा आकडा भरावा म्हणून फोन करतात, भल्या सकाळी ऑफिसच्या आधी हजर होतात. कित्येकांची मृताशी ओळखही नसते.

हा दहाचा आकडा आपल्या कोकणात काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे आपले ज्यू. पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, असं त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मांडवीत बांधलं; टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याच्या कृतज्ञतेनं, असं सांगतात. त्याचं नाव शाआर हरहामीम, दयेचं द्वार. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली 'मशीद' हीच, असं मानतात. गावोगावच्या सिनेगॉगचा कारभार मुकादम, चौगुले, गब्बाई (खजिनदार), हझान (प्रार्थना चालवणारा), शमाश (सेवेकरी) अशी मंडळी पाहत. नावं वाचली तरी कळतं, अर्धी व्यवस्था हिब्रू, अर्धी आपल्या गावगाड्याची.

आजारातून उठलं, नवस फेडायचा असला, की बेने इस्रायल घरात मलिदा होतो. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेला नारळ, सुका मेवा, फळं यांचं ताट, भोवती शेजारीपाजारी, आणि एलियाहू हन्नबी या पैगंबराचं स्मरण. आजाऱ्याला भेटायला आलेले तेच लोक तो बरा झाल्यावर त्या ताटाभोवती बसतात. बिकुर होलीमचा हा असा गोड शेवट दुसरीकडे कुठे मी पाहिलेला नाही.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद इथं आजही घरात मराठी ऐकू येते. इकडे काही हजारच उरले, तेही मुख्यतः मुंबई-ठाण्यात. ठाण्याचं १८७९ चं शाआर हशामाईम सिनेगॉग गजबजलेलं असतं. कोकणातल्या गावांत मात्र इमारती उभ्या आहेत आणि दहा माणसं जमवणं अवघड झालंय. सणाला आणि दुःखाला शहरातून माणसं जातात. दहावा माणूस म्हणून ज्याला फोन येतो, तो दिवसभराची रजा टाकून निघतो. ती रजा हेही हेसेदच, मी तर म्हणेन आजच्या घडीचं सगळ्यात महाग हेसेद.

सतत दुसऱ्यांसाठी धावणाऱ्याचं काय? यावर तालमुदात रब्बी योहानान यांची गोष्ट आहे. त्यांनी आपले दहा मुलगे गमावले होते. एक सहकारी आजारी पडला तेव्हा ते गेले आणि त्याला विचारलं, "ही दुःखं तुला प्रिय आहेत का?" तो म्हणाला, "तीही नकोत आणि त्यांचं फळही नको." योहानान म्हणाले, "हात दे." त्यांनी हात धरून त्याला उठवलं. पुढे योहानान स्वतः आजारी पडले. आता रब्बी हनिना आले, तोच प्रश्न, तेच उत्तर, "हात दे." मग प्रश्न विचारला जातो: योहानान दुसऱ्याला उठवू शकत होते, तर स्वतः का उठले नाहीत? उत्तर: कैद्याला स्वतःची सुटका करता येत नाही. समित्यांमध्ये वर्षानुवर्षं डबे पोचवणाऱ्या बायकांना स्वतःच्या दारात आलेला डबा घेणं फार जड जातं, हे मी ऐकलंय. त्यांना ही गोष्ट सांगतात.

शिवाच्या सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसून झालं की घरचे उठतात. अनेक ठिकाणी अशी रीत आहे की शेजारी किंवा सिनेगॉगमधली दोनचार माणसं दाराशी येतात आणि त्यांना घेऊन घराभोवतीच्या रस्त्यावरून एक फेरी मारतात. सात दिवसांत पायात नीट चप्पल नाही, डोळ्यांना ऊन नाही. कोपऱ्यावरचं दुकान, शाळेची बस, कुत्र्याला फिरवणारा शेजारी. कुणी फारसं बोलत नाही. फेरी संपते, घर येतं, आणि बरोबरचा माणूस विचारतो, "गुरुवारी संध्याकाळी येऊ ना?"